अर्धी पाठ

४ मार्च

मास्तर आज कापताकापता पडले.

एवढं लिहून मी बराच वेळ पेन नुसतं हातात धरून बसले होते. पर्समध्ये मापाची वही होती, तिची मागची पानं कोरी होती, म्हणून हिच्यातच लिहितेय. इथल्या नर्सबाई म्हणाल्या, डॉक्टर सांगतील ते लिहून ठेवा, अशा वेळी कानात शिरतं पण डोक्यात राहत नाही. डॉक्टरांनी अजून काहीच सांगितलेलं नाही. तर मी जे बघितलं ते लिहिते.

मास्तर म्हणजे माझा नवरा. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते आणि मीही म्हणते, त्यांच्या पाठीमागे. तोंडावर "अहो". आमचं शिवणकामाचं दुकान आहे. ते बेततात, मी शिवते. मधे कापायचं लांब टेबल आणि टेबलाच्या डाव्या अंगाला माझं मशिन. लग्न झालं तेव्हापासून हीच मांडणी. तुकडा कापून झाला की डाव्या हाताने माझ्याकडे सरकवायचा, मान वर न करता. तिथे मी आहे की नाही हे त्यांनी कधी बघितलेलं नाही. असणारच, जाणार कुठे.

आज पोस्टमन शर्टाचं कापड घेऊन आला होता. जन्मभर टपालाची पिशवी एकाच खांद्यावर वाहून त्याचा डावा खांदा चांगला दीड इंच उतरलाय, त्यामुळे मास्तरांशिवाय कुणाचा शर्ट त्याच्या अंगाला बसत नाही. मास्तर त्याच्याशी बोलतबोलत एका कोटाची पाठ कापत होते. कात्रीचा आवाज थांबला. मी वर बघितलं तर त्यांचा डावा हात टेबलावर आपला आपण उडत होता आणि ते त्या हाताकडे कुणा परक्याकडे बघावं तसे बघत होते. मग तोंड वाकडं झालं आणि ते खाली गेले. पडताना उजवा हात मात्र त्यांनी लांब धरला होता, कात्री कापडाला लागू नये म्हणून. कापडावर ओरखडा नाही.

मी ओरडले नाही. पायसुद्धा थांबला नाही माझा, रिकामी सुई खालीवर होत राहिली. अँब्युलन्स पोस्टमनने बोलावली.

५ मार्च

डॉक्टर इतके उंच आहेत की त्यांच्याशी बोलताना मान दुखते. त्यांनी फोटो दाखवला. मेंदूच्या उजव्या बाजूला, वरच्या अंगाला, लिंबाएवढी गाठ. गाठीची जात वाईट वाटत नाही, पण जागा वाईट आहे, म्हणाले. परवा ऑपरेशन.

मास्तर आता शुद्धीवर आहेत, अगदी नेहमीसारखे. त्यांना एकच काळजी, कोटाची पाठ अर्धी कापून राहिलीय. "त्याला कुणाला हात लावू देऊ नकोस, मी आल्यावर करतो," म्हणाले. डोक्यात लिंबू घेऊन हा माणूस कोटाची काळजी करतोय. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, तेव्हा बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

संध्याकाळी नणंदबाई आल्या. मास्तरांच्या मोठ्या बहीण. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, अजून आहेतच, फक्त शाळा सुटलीय. आल्याआल्या खिडकीजवळची खुर्ची त्यांनी धरली. उजेड बरा आहे, वाचता येईल, म्हणाल्या. मला दाराच्या बाजूचं स्टूल.

७ मार्च

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. डोळे उघडून आधी मला म्हणाले, "कात्री कुठंय?"

मी म्हटलं, दुकानात, टेबलावर, कुलूप लावून आलेय. त्यांनी मान हलवली आणि झोपले. नणंदबाईंनी मला मिठी मारली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

८ मार्च

पुन्हा नेलं.

सकाळी बरे होते. नंतर डोळे एका बाजूला गेले आणि जागे होईनात. आत रक्त साचलंय, म्हणाले. मला वाटलं कुणी समोर बसवून समजावेल. पण ट्रॉली चालू होती, डॉक्टर चालत होते आणि मी चालताचालता सही केली. ह्यांना विचारायची सोय नव्हती. सही मी केली.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की रक्त काढलंय, पण मेंदूला सूज आहे, म्हणून कवटीचा तळहाताएवढा तुकडा परत न बसवता काढून ठेवलाय. सूज उतरली की तिसऱ्यांदा आत घेऊन बसवू. मी विचारलं, तोवर तो तुकडा कुठे असतो. फ्रीजमध्ये, म्हणाले.

माझ्या नवऱ्याच्या डोक्याचं हाड फ्रीजमध्ये आहे. मी हे वाक्य मनात किती वेळा म्हटलं असेल. कितीही वेळा म्हटलं तरी ते खरं वाटत नाही.

१४ मार्च

डोळे उघडले. बोलले. नणंदबाईंचं नाव घेतलं. माझं नाही.

डावा हात नुसता पडून आहे. व्यायाम करून घेणारी एक चुणचुणीत मुलगी येते, तिने मला धडा दिला. डावी बाजू गेलीय, तिला जागं करायचं, म्हणाली. डावीकडेच बसा, डावीकडूनच बोला, तो हात चोळत राहा, आणि दर वेळी हनुवटीला धरून मान तुमच्याकडे वळवायला लावा, कारण त्या बाजूकडे त्यांचं दुर्लक्ष होतंय.

बसेन, बोलेन, चोळेन. मान मात्र मी वळवणार नाही. उजव्या कानाच्या वर नुसती कातडी आहे, तिच्या आत काही नाही, श्वासाबरोबर ती जागा खालीवर होते. मी एकदाच बघितलं. त्या डोक्याला हात लावायची माझी छाती नाही. आणि दुर्लक्ष म्हणे. शिवणीत एक धागा सरकला तर हा माणूस गिऱ्हाइकासमोर मला ऐकवायचा. हात हलत नाही तर त्याच्याकडे लक्ष देऊन करायचं काय त्यांनी?

स्टूल डाव्या बाजूलाच आहे. ते हलवायची गरज पडली नाही.

१७ मार्च

दिवसभर हात चोळला. तेल, मग कोमट पाण्याचं फडकं, मग एकेक बोट. मी बोलतही होते, दुकानाचं, गल्लीचं, पोस्टमनचं. त्यांनी एकदाही बघितलं नाही माझ्याकडे. खिडकीकडे तोंड करून पडून राहतात.

मी विचारलं, तहान लागलीय का. तर नणंदबाईंकडे बघून म्हणाले, "हो, दे थोडं पाणी." विचारलं मी, उत्तर त्यांना. नणंदबाई पण अशा की मुकाट उठून पाणी दिलं.

चमच्याने भरवायला गेले तर तोंड उघडेनात. चमचा नणंदबाईंच्या हातात दिला, तेव्हा खाल्लं. तेही अर्धं. बशीच्या एका बाजूचं सगळं तसंच. माझ्या बाजूचं.

ठीक आहे. आजारी माणूस आहे. आजारी माणसाचा राग धरू नये, असं मी आईकडून शिकलेय. पण माणूस आजारी असला तरी मी काही दगडाची नाही.

२१ मार्च

आज ऊन फार येत होतं म्हणून पडदा ओढायला खिडकीपाशी गेले. वळले तर मास्तर माझ्याकडे टक लावून बघत होते. ओठ थरथरत होते. "आलीस?" म्हणाले.

चार तास तिथेच बसले होते मी. टोमणा मारायची ही कुठली वेळ? तरी हसून म्हटलं, आले. "थांब थोडी," म्हणाले. थांबलेच आहे की, म्हटलं आणि पलंगाला वळसा घालून परत स्टुलावर येऊन हात हातात घेतला. तर त्यांनी डोळे मिटले आणि पाणी वाहायला लागलं. डोकं दुखतंय का विचारलं.  नर्सबाईंना बोलावून गोळी द्यायला लावली.

२९ मार्च

घरी आणलं. पलंग मी स्वतः लावला. खिडकी त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे उजेड तोंडावर राहील, आणि डावीकडे माझ्यासाठी मोकळी जागा. नणंदबाई मुक्कामालाच आल्यात.

डोक्याला धक्का लागू नये म्हणून मी एक टोपी शिवली, आत कापसाचा जाड थर आणि कानावर येणाऱ्या दोन पट्ट्या. दवाखान्यातल्या टोपीपेक्षा शंभरपट बरी. मास्तरांनी उजव्या हाताने ती चाचपली, शिलाईवरून अंगठा फिरवला आणि नणंदबाईंना म्हणाले, "हे तिचं काम आहे. कधी शिवलेली?" नणंदबाई एकदम उठून स्वयंपाकघरात गेल्या.

माझी शिलाई ओळखतात. मला मात्र काही म्हणायचं नाही.

३ एप्रिल

लिहू नये, पण लिहिते. मी हात चोळत बसलेय, आणि हे नणंदबाईंना सांगताहेत, "तिचं मशिन कुणाला विकू नकोस. जागेवरच राहू दे." मी इथे जिवंत बसलेय आणि माझ्या मशिनची व्यवस्था दुसरीकडे चाललीय. मी म्हटलं, मशिन माझं आहे, मी बघेन काय करायचं ते. त्यावर खिडकी लावून घ्यायला सांगितली. आवाज येतो म्हणे.

मग मी रागाने गप्प बसले. संध्याकाळपर्यंत. कुणाला काही फरक पडला नाही.

मला वाटतं त्यांनी मला माफ केलेलं नाही. आत गेले तेव्हा धडधाकट होते, बाहेर आले तेव्हा अर्धं डोकं नाही आणि एक हात नाही, आणि मधल्या कागदावर सही माझी. दुसरं काय कारण असेल? नणंदबाई तर हल्ली माझ्याशी इतक्या गोड वागतात की मला संशय येतो. काल त्यांनी मला न सांगता माझे कपडे इस्त्री करून ठेवले.

९ एप्रिल

आज मन हलकं झालं. मास्तरांनी खडू मागितला.

मांडीवर फळी ठेवली, त्यावर मोठा खाकी कागद. म्हटलं, मधल्या मापाची शर्टाची पाठ आखा. खडू हातात आल्यावर माणूस बदलला. कण्याची रेघ, गळा, खांद्याचा उतार, बाहीच्या मुंढ्याचा बाक, खाली घेर. हात जरा थरथरला, पण मुंढा असा आलाय की बघत राहावं. सगळं अगदी जसंच्या तसं.

नणंदबाई डोकावून म्हणाल्या, "अगं, हे अर्धंच काढलंय." मला हसू आवरेना. एवढी वर्षं भाऊ शिंपी आहे आणि ह्यांना ठाऊक नाही! पाठ अर्धीच आखतात. कापड घडी घालून ठेवायचं, घडीवर कण्याची रेघ लावायची, एकदा कापलं की उलगडून पूर्ण पाठ. पूर्ण आखतो तो अडाणी. शिकाऊ मुलीला शिकवावं तसं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

हात चालतोय. मेंदू शाबूत आहे. बाकी माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल, असं आज तरी म्हणवतंय.

१२ एप्रिल

चालत नाही. काय खोटं लिहायचं.

उंच डॉक्टरांनी तपासलं. सूज उतरलीय, आता हाड बसवायचं. फार दिवस तसंच ठेवलं तर आतून त्रास सुरू होतो, फिट येऊ शकते, पडले तर संपलंच. पण माणूस आता शुद्धीत आहे, विचारलेल्याची उत्तरं देतोय, तेव्हा ह्या वेळी होकार त्यांचाच हवा.

मास्तर नको म्हणाले.

डॉक्टरांनी दोनदा समजावलं. मी समजावलं. नणंदबाई तर शाळेतल्यासारख्या रागावल्या. खिडकीकडे बघत नुसतं "नको". बाहेर आल्यावर मी नणंदबाईंना विचारलं, तुमच्याशी तरी बोलतात ना ते, का नको म्हणतात? त्या म्हणाल्या, काही नाही गं, कंटाळलाय. पण माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत. काहीतरी आहे जे मला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

माझ्यावर उगवलेला सूड आहे का हा? मी सही केली म्हणून आता ते करणार नाहीत? असा माणूस नव्हता हा. वीस-बावीस वर्षांत रागाने जेवण टाकलं नाही कधी. मला भीती वाटतेय. ते पडतील आणि मी समोर असेन.

१६ एप्रिल

अक्षर लागलं तर लागलं.

दुपारी पोस्टमन भेटायला आला. पायथ्याशी बसला. शर्टाचं कापड तसंच पडलंय त्याचं, पण तो बिचारा त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. मलाच वाटलं, ओळखीचं काम दिलं तर मास्तर फुलतील, मग डॉक्टरांचा विषय काढता येईल. फळी ठेवली, कागद ठेवला. म्हटलं, पोस्टमनची पाठ आखा.

ही एकच पाठ आमच्या दुकानात अर्धी आखत नाहीत. डावा खांदा उतरलेला, म्हणजे घडीवर कापून चालत नाही. कण्याच्या दोन्ही बाजू वेगळ्या, पूर्ण आखायच्या. मास्तरांनीच मला हे शिकवलंय.

त्यांनी कण्याची रेघ ओढली. उजवा खांदा, मुंढा, घेर. खडू खाली ठेवला. "झालं."

मी म्हटलं, आणि डावा? ह्याची घडीवर जात नाही ना.

त्यांनी नणंदबाईंकडे बघितलं. "काढलाय की. दीड इंच उतरवलाय."

कागदाची डावी बाजू कोरी होती. पोस्टमन हसला, थट्टा वाटली त्याला, आणि मग हसायचा थांबला. माझं डोकं फिरलं. एवढे दिवस गिळलेलं सगळं वर आलं. हात सोडला, स्टूल ढकललं, पलंगाला वळसा घालून नणंदबाईंचे गुडघे जवळजवळ ओलांडून खिडकीच्या बाजूला गेले आणि कागदावर बोट ठेवलं. म्हटलं, कुठे आहे डावा खांदा, दाखवा मला.

त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं. मग मनगट. मग हळूहळू वर, चेहऱ्यापर्यंत. त्यांच्या तोंडावरचा रंग गेला.

"तू आहेस?"

मला कळेना. मी म्हटलं, म्हणजे काय, असणारच.

त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे. "मला वाटलं तू गेलीस. हे लोक सांगत नाहीयेत मला. तुझा आवाज यायचा. बघितलं की कुणी नसायचं."

"अहो, मी रोज इथेच बसते. तुमचा हात धरून."

"कुठे?"

मी पलीकडच्या स्टुलाकडे बोट केलं. त्यांनी बघायचा प्रयत्न केला. खरंच केला, कपाळावर घाम आला. नजर निघाली, नाकासमोर आली आणि तिथेच अडली, पुढे भिंत असल्यासारखी.

"तिथे काही नाहीये," म्हणाले.

मी त्यांच्या पुढ्यातला कागद बघितला. अर्धी पाठ. मग अर्ध्या बश्या आठवल्या, स्वतः करायचे तेव्हा अर्धी राहणारी दाढी, "आलीस?", खिडकी लावायला सांगितलेला आवाज. एकामागून एक.  मी तिथेच, त्यांच्या उजव्या अंगाला, जमिनीवर बसले.

नणंदबाई रडायला लागल्या. सगळं बाहेर आलं. तो मला रोज विचारायचा, म्हणाल्या, ती कधी गेली, कशाने गेली. मी म्हणायचे आहे रे, बाजूलाच बसलीय. तर म्हणायचा, खोटं बोलू नकोस, दिसते आणि नाहीशी होते. मला वाटलं त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. जित्याजागत्या बाईला कुठल्या तोंडाने सांगू की तुझा नवरा तुला मेलेली समजतो? आणि ऑपरेशनला नाही म्हणतो, कारण विचारलं तर म्हणतो, आता कुणासाठी.

मी त्यांना काय बोलणार? मी पाठ अर्धीच आखतात म्हणून शिकवत होते त्यांना.

१७ एप्रिल

उंच डॉक्टरांकडे गेले. म्हणाले, डोळे चांगले आहेत, कान चांगले आहेत, पण डावी बाजू नावाची गोष्ट जगात आहे हेच मेंदू विसरलाय. त्या बाजूने कुणी बोललं तर आवाज ऐकू येतो, पण बोलणारा सापडत नाही. हा आजार आम्हाला माहीत आहे, व्यायामवाल्या मुलीने तुम्हाला सांगितलं होतं ना, मान वळवा म्हणून?

सांगितलं होतं. मी म्हटलं, मला त्या डोक्याची भीती वाटली. ते बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिले.

महिनाभर मी त्यांचा हात धरून बसले होते आणि ते माझं सुतक धरून बसले होते. एकाच पलंगापाशी. हे मी कुणाला सांगितलं तर हसतील. मला स्वतःला अजून झोपेतून उठल्यासारखं वाटतंय.

मास्तर ऑपरेशनला हो म्हणाले. स्वतःच्या तोंडाने. एकच अट, ही मला दिसेल अशी बसवा.

२४ एप्रिल

हाड बसवलं. ट्रॉलीच्या उजव्या बाजूने मी थेट दारापर्यंत चालत गेले. नर्सबाई म्हणाल्या इकडून या, इकडे जागा आहे. म्हटलं, नाही, मी ह्याच बाजूने येणार. दाराशी हात सोडावा लागला तेव्हा ते म्हणाले, "आता गेलीस तर जाताना सांगून जा." म्हटलं, सांगेन.

ते बाहेर आले तेव्हा मी खिडकीच्या बाजूला उभी होते. नणंदबाईंनी खुर्ची आधीच सोडली होती.

२ मे

आता डोकं गोल आहे. बोट लावलं की खाली काहीतरी आहे. आता मी हनुवटीला हात लावते.

आधी उजवीकडे उभी राहते, मला बघू देते, मग बोलतबोलत पायथ्याशी येते, मग डावीकडे. मी सरकले की त्यांची मान माझ्या मागे येते, थोडी, मग अडते. मग मी हनुवटी धरून वळवते. पहिले काही दिवस मी डावीकडे पोचले की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला बघवायचं नाही. मी बोलत असायचे, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पुसली जायचे. आता कधीकधी अडत नाही. कधीकधी.

दाढी मी करते. दोन्ही बाजू.

८ जून

दुकान उघडलं. टेबलाच्या डाव्या कडेला व्यायामवाल्या मुलीने लाल फीत चिकटवायला सांगितलीय. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मगच कात्री.

मी तर दोन माणसं बोलावली होती मशिन हलवायला. म्हटलं, आता मी उजवीकडे बसते, कशाला त्रास. मास्तर काठी टेकत मशिनला टेकून उभे राहिले. "तिथेच राहू दे. तू इकडे बसलीस तर मी तिकडे कशाला वळेन?" माणसांना चहा पाजून परत पाठवलं.

कोटाची अर्धी राहिलेली पाठ अजून टेबलाखाली गुंडाळून ठेवलीय. ती नंतर, म्हणाले. आधी पोस्टमन.

१९ जून

पोस्टमनचा शर्ट आज बेतला. तीन वेळा आखला. पहिल्यांदा डावा खांदा कागदावर आलाच नाही, दुसऱ्यांदा आला पण उजव्याएवढाच वर. तिसऱ्यांदा दीड इंच खाली, बरोब्बर. 

हल्ली तुकडा सरकवायच्या आधी ते विचारतात, "आहेस ना?" दर तुकड्याला. गिऱ्हाईक असलं तरी. मी आहे म्हटलं की मगच डावा हात, आता हलतो, पण अजून जडच आहे तो, कापड घेऊन इकडे येतो. आवाजाच्या अंदाजाने सरकवतात. दोनदा कापड जमिनीवर पडलं. मी काही बोलत नाही, उचलते.

आज पाठ कापून झाली. खडू ठेवला, कात्री ठेवली. "आहेस ना?"

मी उत्तर दिलं नाही.

का दिलं नाही ते मला सांगता येणार नाही. पाय पायडलवर होता, तो उचलला, मशिनचाही आवाज नको म्हणून. ते थांबले. पुन्हा नाही विचारलं. हात टेबलावर घट्ट दाबला गेला, बोटं पांढरी झाली. मला वाटलं, हे काय करतेय मी, आत्ता बोलावं. 

मान निघाली. नाकासमोर आली, नेहमीच्या जागी अडली. मग हलली. लाल फितीपर्यंत आली. फितीवर थोडा वेळ थांबली. मग फीत ओलांडली, खांदाही वळला आणि ते माझ्याकडे बघायला लागले. लग्न झाल्यापासून ह्या टेबलावरून त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांवरचा चष्मा नाकावर घसरला होता, तो त्यांनी वर केला आणि पुन्हा बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत, माप घेताना बघतात तसं.

"आहे," मी म्हटलं. "द्या कापड."